होळीआधीचा खान्देश आणि हँडलवरचा नकाशा

गाडीच्या हँडलवर रस्ता दाखवायला काय लावायचं, यावरून आमच्या घरात बरेच दिवस वाजत होतं. दाजींचं म्हणणं, भटकायचं तर भटकंतीसाठी बनवलेलं जीपीएस यंत्रच घ्यावं, फोन बोलण्यापुरता. भाच्याच्या नव्या गाडीला मीटरमध्येच गोल रंगीत डिस्प्ले आलेला. त्यामुळे वाद कशावरून चाललाय हेच त्याला कळत नव्हतं. आणि मी पडले चिकट. कपाटातल्या जुन्या फोनमधलं सिम काढायचं, नकाशे घरीच उतरवून घ्यायचे आणि तो हँडलला आवळायचा, हा माझा पक्ष. शेवटी ताई वैतागली. म्हणाली, "एकदाचे जा तिघं आणि काय ते ठरवून या."

होळी आठवड्यावर आली होती. सातपुड्यात पळस फुललेला असणार आणि धडगावचा भोंगऱ्या बाजारही याच दिवसांत भरतो. दाजींनी मित्राचं यंत्र मागून आणलं आणि आम्ही नाशिकहून निघालो.

पहिला दिवस : चाळीसगाव, पाटणादेवी, धुळे

मालेगावपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. तिथून चाळीसगावकडे वळलं की ट्रकांची गर्दी मागे राहते आणि मोकळी, उन्हाने पांढुरकी झालेली शेतं सुरू होतात.

चाळीसगावात स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे. १९१२ चा जन्म, १९८९ मध्ये गेले, आणि मधली जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी या घरातच काढली. टेबलावर साध्या वस्तू मांडून डोंगर, बर्फ, वाळवंट उभं करायचं आणि त्याचा फोटो काढायचा, ही त्यांची खासियत. भाचा एका फोटोसमोर बराच वेळ उभा होता. शेवटी म्हणाला, "मावशी, या माणसाला नेव्हिगेशन लागलंच नसणार."

पाटणादेवी तिथून अठरा-एक किलोमीटर. गौताळा अभयारण्याच्या पायथ्याशी चंडिकेचं जुनं दगडी मंदिर आहे. मार्चात जंगल वाळलेलं असतं, पण त्यामुळेच मागच्या डोंगराचे कडे पायथ्यापर्यंत स्वच्छ दिसतात. इथे भास्कराचार्यांची आठवण निघतेच. 'सिद्धान्तशिरोमणी' हा त्यांचा ग्रंथ ११५० चा. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, असं सांगणारा शके ११२८ चा शिलालेख पाटणला सापडला. आकाशातल्या गोलांवरून पृथ्वीवरची जागा काढायचं गणित या डोंगराखाली शिकवलं जात होतं. आमच्या तिन्ही यंत्रांचं कामही शेवटी तेच. डोक्यावरच्या किमान ४ उपग्रहांच्या संदेशांना पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि आपण कुठे आहोत ते काढायचं. त्याला ना सिम लागतं, ना इंटरनेट. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. हा फरक पाटणादेवीच्या पायरीवर बसून मी भाच्याला समजावला. त्याने मान डोलावली आणि फोनला रेंज येते का ते पाहायला लांब जाऊन उभा राहिला.

मंदिराबाहेर लिंबू सरबत विकणाऱ्या आजींनी विचारलं, "कथाईन उनात, माय?" नाशिकहून, म्हटलं. बाई एकटी गाडी चालवत आली याचं त्यांना विशेष वाटलं नाही. हँडलवर फोन कशाला बांधलाय याचं मात्र वाटलं. रस्ता दाखवतो, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "रस्ता त एकच शे. चुकशात कथा?" दाजी इतके हसले की सरबत सांडलं.

संध्याकाळी धुळ्यात. जुन्या धुळ्यात पत्ता शोधायला काही लागत नाही, गल्ल्यांना नंबर आहेत. ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात, १८१९ नंतर, धुळं जिल्ह्याचं ठाणं झालं आणि सरळ रेषेत नवी पेठ आखली गेली. आजही रिक्षावाल्याला "पाच नंबर गल्ली" एवढं सांगितलं की बास.

रात्री शेवभाजी. हॉटेलात ही मागवताना एक लक्षात ठेवा. शेव रश्शात आधीच पडलेली नको, वेगळी आणायला सांगा आणि जेवताना घाला, नाहीतर तिचा लगदा होतो. काळ्या मसाल्याचा तो रस्सा, वर तरंगणारं तेल आणि ज्वारीची भाकरी. दाजींना ठसका लागला तरी त्यांनी वाटी सोडली नाही.

दुसरा दिवस : सोनगीर, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा

सकाळी लवकर निघून सोनगीरला थांबलो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव ओळखलं जातं. ठोक्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. दाजींनी एक तांब्याचा लोटा घेतला आणि तो पुढचे सगळे दिवस त्यांच्या बॅगेत खडखडत राहिला.

दोंडाईचा सोडेपर्यंत दुपार झाली होती. पारा अडतिशीच्या पुढे असणार. खान्देशातलं ऊन वरून तर येतंच, डांबरावरूनही येतं. सारंगखेड्याला तापीच्या पुलाजवळ आलो आणि भाच्याचा गोल डिस्प्ले गप्प झाला. वेग दिसत होता, वेळ दिसत होती, नकाशा गायब. डिस्प्लेला काही झालं नव्हतं. त्याला नकाशा पुरवणारा फोन टाकीवरच्या पारदर्शक खिशात होता आणि तो खिसा म्हणजे हरितगृह झालं होतं. फोन इतका तापला की त्याने स्वतःला बंद करून घेतलं.

अशा वेळी यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. आयफोन वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावं, असं अॅपलच सांगते, आणि बाकीचे फोनही फार वेगळे नसतात. खान्देशात फेब्रुवारी सरला की ही मर्यादा दुपारी रोज ओलांडली जाते. त्यात पडद्याचा उजेड पूर्ण, जीपीएस चालू, मोबाइल डेटा चालू, वर चार्जिंगही चालू. चारही बाजूंनी उष्णता.

तापीकाठच्या रसवंतीवर उसाचा रस पीत त्यावर बराच खल झाला. इथे एरवी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आत्ता मैदान रिकामं होतं. रसवंतीवाल्या काकांनी भाच्याचा फोन हातात घेतला आणि "हा त तवा झाया" म्हणून थंडगार माठाला टेकवून ठेवला. तो मात्र आम्ही लगेच उचलला. तापलेला फोन एकदम गार केला तर आत दव धरतं. सावलीत नुसता ठेवायचा, कव्हर काढायचं, चार्जर काढायचा. दहा मिनिटांत तो परत चालू झाला.

उन्हाळ्यात फोन लावणाऱ्यांसाठी, माझ्या अनुभवातून. पाणी लागू नये म्हणून मिळणारे प्लास्टिकचे बंद खिसे पावसाळ्यापुरते ठीक, मार्च ते जून ते घरी ठेवा. वायरलेस चार्जिंगचं स्टँड घेऊ नका, त्याने फोन आणखी तापतो, साधी वायर बरी. फोनच्या वर छज्जासारखा काळ्या फोमचा तुकडा लावला तर पडद्यावर ऊन थेट येत नाही आणि उजेड कमी ठेवला तरी वाचता येतं. माझा फोन दिवसभर टिकला तो या तुकड्यामुळे आणि त्यात सिम नसल्यामुळे. टॉवर शोधण्यात त्याची शक्ती जातच नव्हती. मात्र जुना फोन वापरणार असाल तर आधी त्याची पाठ तपासा. बॅटरी जराही फुगलेली असली तर तो फोन उन्हात न्यायचाच नाही.

दाजींचं यंत्र या सगळ्या वेळात ढिम्म होतं. भर उन्हात पडदा स्वच्छ, हातमोज्यांनी चालतं, तापल्याची तक्रार नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त रसाचा दुसरा ग्लास मागवला.

तिसरा दिवस : उनपदेव, तोरणमाळ

शहाद्यातून निघताना टाक्या काठोकाठ भरल्या. तुम्हीही भरा, पुढे डोंगरात पंपाच्या भरवशावर राहू नका.

सकाळी उनपदेवला जायचं होतं. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गरम पाण्याचं ठिकाण शहादा तालुक्यात आहे. भाच्याने नाव टाकलं, बाण आला आणि तो निघाला थेट पूर्वेला. दाजींनी हॉर्न वाजवून थांबवलं. त्याच्या पडद्यावर अंतर शंभर किलोमीटरच्या वर दिसत होतं. झालं असं की उनपदेव खान्देशात दोन आहेत. दुसरं चोपडा तालुक्यात, अडावदजवळ, आणि तिथेही गरम पाण्याचेच झरे. नकाशाने जास्त प्रसिद्ध असेल ते उचललं.

खान्देशातच नाही, महाराष्ट्रात सगळीकडे हे होतं. पिंपळनेर साक्री तालुक्यातही आहे आणि बीड जिल्ह्यातही. तालुक्याचं कागदोपत्री नाव अक्राणी आणि गावाचं नाव धडगाव, हाही एक घोळ. म्हणून नुसतं नाव टाकून निघू नये. घरी असतानाच ठिकाण नकाशावर बोटाने शोधून खूण करून ठेवावी आणि अक्षांश-रेखांश वहीत लिहून घ्यावेत. वही कधी तापत नाही.

उनपदेवच्या कुंडावर सकाळी सकाळी बायकांची गर्दी होती. मी पाय सोडून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "गाडी तुन्हीच शे?" माझीच, म्हटलं. तिने आपल्या लेकीला कोपराने ढोसलं आणि गाडीकडे बोट दाखवलं. लेक लाजली. मी तिला मागे बसवून देवळाभोवती एक चक्कर मारून आणली.

म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळचा घाट लागला आणि राणीपूरनंतर रेंज गेली. इथून पुढे तिन्ही यंत्रांचा खरा कस लागला. रस्ता आधी आखून ठेवला असेल तर रेंज गेल्यावरही फोन बाण दाखवत राहतो. पण एक वळण चुकलं की नवा रस्ता शोधायला त्याला इंटरनेट हवं, आणि ते नाही. भाचा एका फाट्यावर चांगल्या डांबराच्या मोहाने उजवीकडे गेला. बाण गोल गोल फिरायला लागला. गूगल मॅप्समध्ये तो भाग आधी उतरवून ठेवला असता तर हे टळलं असतं. फक्त अशा उतरवलेल्या नकाशात वाहतुकीची माहिती मिळत नाही, पायवाटेचा रस्ता मिळत नाही आणि तो अधूनमधून नव्याने उतरवून घ्यावा लागतो.

माझ्या फोनमध्ये ऑरगॅनिक मॅप्स होतं आणि जोडीला ओस्मअँड. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. तो नकाशा २००४ पासून जगभरची माणसं फुकट काढत आली आहेत. अख्ख्या विभागाचा नकाशा फोनमध्ये बसतो आणि रस्ताही फोनमध्येच शोधला जातो. पायवाटा, ओढे, टेकड्यांच्या उंचीच्या रेषा, सगळं दिसतं. उणं एवढंच, की कोणी काढलेलं नसेल ते त्यात नसतं. भाचा ज्या रस्त्यावर गेला तो माझ्या नकाशात तुटक रेघेने होता. कच्चा की पक्का, कुठे जातो, काही कळेना.

तेवढ्यात डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली घेतलेले एक बाबा आले. दाजींनी विचारलं, "हा रस्ता तोरणमाळला जातो ना?" बाबा हसून म्हणाले, "जातो." मी मध्ये पडले आणि विचारलं, "बाबा, तोरणमाळला कुठून जायचं?" तेव्हा त्यांनी हनुवटीने मागचा फाटा दाखवला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 'हो-नाही'चा प्रश्न विचारला तर माणूस तुमचं मन मोडायला नको म्हणून हो म्हणतो. कुठून जायचं ते विचारायचं, उत्तर त्याच्याकडून येऊ द्यायचं.

वर पोचलो तेव्हा हवा बदलली होती. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. खाली शहाद्यात भट्टी आणि इथे यशवंत तलावाच्या काठावर संध्याकाळी अंगात जॅकेट. सीताखाईच्या कड्यावर उभं राहिलो तर खाली दरी धुरकट निळी होत चाललेली, आणि अधूनमधून पळसाचे भडक ठिपके. तिथून परतताना अंधार झाला. आम्ही आत बऱ्याच कच्च्या वाटांनी फिरलो होतो आणि गाड्यांच्या दिव्यात सगळ्या वाटा सारख्याच दिसत होत्या. इथे दाजींच्या यंत्राने भाव खाल्ला. आलेल्या वाटेवर ते आपोआप रेघ ओढत होतं. तीच रेघ उलटी धरून आम्ही मुक्कामावर आलो. फोनमधल्या अॅपनेही हे करता येतं, पण त्यात नोंद आपण चालू करावी लागते. मी केली होती. दाजींना ते मी दोन दिवसांनी सांगितलं.

जेवायला उडदाची डाळ, ज्वारीची भाकरी आणि लसणाची लाल चटणी. वाढणाऱ्या ताईंची बोली पावरी, आमची मराठी, आणि मध्ये दुभाष्या म्हणून त्यांचा पाचवीतला मुलगा. त्याने तिन्ही यंत्रं पाहिली आणि भाच्याच्या गोल डिस्प्लेला पहिला नंबर दिला, कारण "त्याच्यात बाण हिरवा आहे."

चौथा दिवस : धडगाव

पहाटे रस्त्याकडेच्या मोहाखाली सगळीकडे फुलं पडलेली आणि ती वेचायला पूर्ण कुटुंबं उतरलेली. हवेत गोडसर, जडसा वास. खाली उतरून पुन्हा डोंगर चढून धडगावला गेलो.

भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीचा मोठा हाट. गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगण, नवे कपडे, चांदीचे दागिने. बाहेर एक कथा पसरली आहे की इथे पोरं-पोरी पळून जाऊन लग्न करतात. तिथल्या लोकांना ती मुळीच आवडत नाही. बासरी विकणाऱ्या एका काकांनी स्पष्टच सांगितलं, "होळीचा बाजार आहे. तुमच्याकडे दिवाळीचा असतो तसा." तुम्ही गेलात तर कॅमेरा आधी खिशात ठेवा, मग विचारून काढा.

माणसाच्या कमरेच्या वर येणारे ढोल होते. वाजायला लागले की छातीत घुमतं. गाड्या बाजाराबाहेर लावल्या आणि दिवसभर पायीच फिरलो. नकाशाची आठवणही झाली नाही. मी घरी न्यायला आमचूर घेतलं. या डोंगरात घरोघर कैऱ्या सोलून, वाळवून ते करतात. दाजींनी बासरी घेतली. ती त्यांना वाजवता येत नाही.

गाड्या पाहायला पोरांचा घोळका जमला होता. त्यांतल्या एका तरुणाने, जो नाशिकला शिकतो, कॅमेऱ्याचा विषय काढला. त्याच्या मित्राने बुलेटच्या हँडलवर नवा फोन बांधून फिरवला आणि कॅमेरा बिघडला. हे खरं आहे. मोठ्या इंजिनाच्या गाडीची जोरदार थरथर सतत बसली तर कॅमेऱ्यातली हात हलल्यावर चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते, असं अॅपलने २०२१ मध्ये जाहीरच सांगितलंय. त्या कॅमेऱ्यात भिंग बारीक चुंबकांवर अधांतरी तोललेलं असतं. थरथर शोषणारं रबर असलेलं स्टँड मिळतं, ते घ्यावं. माझ्या मते महागाचा फोन हँडलवर लावूच नये. तो जॅकेटच्या आतल्या खिशात राहू दे. गाडी पडली, फोन फुटला किंवा कोणी काढून नेला तर घरी कळवायला तोच लागणार.

पाचवा दिवस : चांदसैली घाट, तळोदा, नंदुरबार

चांदसैली घाट अरुंद आहे आणि वळणं एकमेकांवर रचल्यासारखी. इथे तिन्ही यंत्रं सारखीच गोंधळली. वरच्या वळणावर आम्ही आणि बाण खालच्या रस्त्यावर, असं होत होतं. डोंगराची भिंत उपग्रहांचे संदेश अडवते, काही संदेश कड्यावर आपटून उशिरा येतात, आणि यंत्राचा अंदाज काही मीटरने सरकतो. सपाटीवर ते कळतही नाही, घाटात मात्र तेवढ्यात दुसरा रस्ता येतो. अशा घाटात पडद्याकडे पाहायचंच नाही. रस्ता एकच आहे, चुकणार कुठे?

तळोद्यात चहा घेतला. तिथून नंदुरबारला जायला तापीवरचा हातोडा पूल आहे. तसं चहावाल्यानेही सांगितलं. माझ्या फोनने तेच सांगितलं, भाच्याच्याही. दाजींचं यंत्र मात्र प्रकाशावरून वळसा घालायचं म्हणत होतं. आम्ही पुलावर चढलो तर पडद्यावर गाडी तापीच्या पाण्यातून चाललेली. मित्राने नकाशे कित्येक वर्षांत बदललेच नव्हते. यंत्र कितीही दणकट असलं तरी आतला नकाशा शिळा असेल तर ते तुम्हाला जुन्या काळात फिरवतं. विकत घेताना पडदा किती इंच हे पाहण्याआधी नकाशे किती वर्षं मिळणार, फुकट की पैसे भरून, आणि त्यात भारताचा नकाशा आहे का, ही चौकशी करा.

नंदुरबारच्या वेशीवर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. हंगाम सरत आला होता तरी मोकळ्या रानात लाल मिरची पसरलेली आणि बायका ती निवडताना. लांबून डोळ्याला सुख आणि शंभर फुटांवर गेलं की नाकाला आग. हेल्मेटच्या आत मला लागोपाठ शिंका आल्या. हेल्मेटमध्ये शिंकून पाहिल्याशिवाय त्याचं दुःख कळत नाही. तोंडाला ओढणी बांधून काम करणाऱ्या मावशींनी मला पाहिलं, हसल्या आणि मूठभर वाळलेल्या मिरच्या कागदात बांधून दिल्या. पैसे घेईनात.

संध्याकाळी माणिक चौकात शिरीषकुमारच्या स्मारकापाशी गेलो. ९ सप्टेंबर १९४२ ला, हातात तिरंगा घेऊन मोर्चात निघालेला हा शाळकरी मुलगा इथे पोलिसांच्या गोळीबारात गेला. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हीही मुलं. भाचा शांतपणे नावं वाचत होता.

सहावा दिवस : अमळनेर, जळगाव

दोंडाईचा, बेटावद, अमळनेर. अमळनेर म्हणजे साने गुरुजींनी जिथे मुलांना शिकवलं ते गाव, आणि १९४५ मध्ये जिथे वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने आजच्या विप्रोची सुरुवात झाली तेही गाव. या दिवशी आम्ही फार थांबलो नाही. ऊन आणखी वाढलं होतं आणि दाजींच्या डोळ्यांसमोर जळगावचं भरीत होतं.

भरताची वांगी थंडीतली खरी, पण अजून मिळत होती. हिरवी, पांढऱ्या रेघांची, मोठी. जळगावच्या केळ्याला आणि या वांग्याला, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, लाकडी भांड्यात ठेचायचं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सढळ तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पुरी. धुराचा वास बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो.

जेवण झाल्यावर वाद पुन्हा निघाला, यावेळी आवाज जरा खाली. मला विचाराल तर वर्षातून दोन-चार वेळा राज्यात फिरणाऱ्याला वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही. गार्मिन झूमोसारखी मोटारसायकलची यंत्रं उत्तम असतात. झूमो एक्सटी साडेपाच इंची आहे, पाण्यात आणि धक्क्यात टिकते, उन्हात झकास दिसते. पण तेवढ्या पैशात एक चांगला फोन येतो, आणि भारतातल्या गल्लीबोळांची नवी माहिती फोनच्या नकाशांत आधी येते. गूगल मॅप्सने २०१७ मध्ये दुचाकीसाठीचा वेगळा पर्याय भारतातच आणला, मॅपमायइंडियाचं मॅपल्स आहे. लडाख-स्पितीला महिनाभर जाणारे, पावसात रोज गाडी चालवणारे, यांनी यंत्र जरूर घ्यावं. गाडीसोबत आलेला डिस्प्ले छान, नजर रस्त्यावरून फार हलत नाही. पण तो आरसा आहे. मागचा फोन बंद पडला की तोही आंधळा.

दाजींनी परदेशातून उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र, ते गार्मिनचं इनरीच, मागवायचा विचार बोलून दाखवला. त्यावर मात्र भाच्यानेच त्यांना थांबवलं. ते इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं, आणि परवानगीशिवाय असली यंत्रं बाळगणं भारतात बेकायदा आहे. विमानतळावर परदेशी पर्यटकांना त्यावरून अडवून ठेवल्याच्या बातम्या येतात. नुसतं संदेश घेणारं जीपीएस चालतं, उपग्रहाला संदेश पाठवणारं नाही. हा फरक दुकानदार सांगत नाही.

परत

परतीचा रस्ता पाचोरा, चाळीसगाव, मालेगाव. सकाळी सहाला निघालो आणि दुपारच्या आत घर गाठलं. खान्देशात मार्चनंतर गाडी चालवायची तर पहाटे ते अकरा आणि चारनंतर. मधल्या वेळात गाडीही सावलीत आणि आपणही.

मी माझ्या जुन्या फोनला आता चार्जरची वायर बदलली आहे. थरथरीने टाइप-सीची पिन सैल होत होती. काटकोनात वळलेली वायर घेतली आणि बॅटरीपासून येणाऱ्या तारेत फ्यूज बसवून घेतला. भाच्याने खानदेशचा अख्खा नकाशा उतरवून घेतलाय आणि टाकीवरचा पारदर्शक खिसा मला देऊन टाकलाय. मी त्यात आमचूर ठेवते.

दाजींनी यंत्र मित्राला परत केलं, पण त्याआधी एक अख्खा रविवार कॉम्प्युटरला जोडून नकाशे नवे करून दिले. पहिल्यांदा फाइल अर्ध्यात अडकली, दुसऱ्यांदा जागा पुरेना म्हणून युरोपचा नकाशा काढून टाकावा लागला. मित्राला अजून ते कळलेलं नाही. हातोडा पूल मात्र आता त्यात आहे.